घडीतला लिंबाचा पाला
कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला, की मला हिमालयातलं ते बर्फाळ शिखर आठवतं. निघताना माझ्या वडिलांनी, आबांनी, आपलं लोकरीचं घोंगडं दिलं होतं. कसर लागू नये म्हणून घडीत पाला घातलेला. "बर्फात ह्येच तारंल," म्हणाले. सोबतचे हसतील म्हणून मी ते पायथ्याच्या गावातच ठेवलं आणि भाड्याच्या जाकिटात कुडकुडत शिखर गाठलं. घरी, शेळगावला परतल्यावर ठोकून दिलं, "आबा, वर ह्येच पांघरलं हुतं." आबांनी अंगणात घडी उलगडली, तसा सगळा पाला खाली पडला. त्यांनी तो पायानं बाजूला सारला आणि शेजाऱ्याला हाक मारली, "तात्या, आमचं घोंगडं बर्फात जाऊन आलं बगा!" आबा आता नाहीत. घोंगडं आहे, पण थंडीतसुद्धा मला ते पांघरवत नाही.