पडद्यावर आई अडकली तेव्हा

"कोण गं ही नाचणारी?" दुकानदारानं हनुवटीनंच पडदा दाखवला.

पडद्यावर माझी आई होती. पांढरी साडी, कपाळाला निळा गुलाल, लेझीम डोक्याच्या वर. चित्र नेमकं तिथंच अडकलं होतं. आणि मी म्हणाले, "गिऱ्हाईकाचा व्हिडिओ हाय. मला न्हाय म्हाईत."

हे मी म्हणाले. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती.

मी हातकणंगल्याकडची. लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ एडिट करते. घरातला जुना कॉम्प्युटर निम्म्यात मान टाकायचा. नवा जोडून घ्यायला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले होते. सगळं अडलं होतं प्रोसेसरवर. महिनाभर त्याचाच अभ्यास केला होता. नव्या कॅमेऱ्यांचं चित्रण पेलायचं तर नुसता वेगाचा आकडा मोठा असून भागत नाही, प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स पण चांगलं लागतं. हे मला येत होतं. कुणाला विचारायची गरज नव्हती.

त्या दुकानात पद्धत अशी की आपलं चित्रण पेनड्राइव्हवर न्यायचं आणि त्यांच्या मशिनवर चालवून बघायचं. मी नेलं ते जयंतीच्या मिरवणुकीचं. वस्तीतल्या बायकांचं लेझीम. त्यात गुलाल उडतो, झेंडे फडकतात, कण न् कण हलतो. कॉम्प्युटरची खरी परीक्षा तिथं होते. लग्नातली नवरा-नवरी काय, स्टेजवर उभीच असतात.

तोवर मी 'ताई' होते. "बसा की ताई, चहा सांगतो," असं झालं होतं. पडद्यावर निळे झेंडे आले आणि आवाज बदलला. "असं हाय व्हय," तो म्हणाला. मग गाव विचारलं. मग गावातली गल्ली. मग पडद्यावर अडकलेली आई. ताई गेली, 'गं' आलं.

माझ्या उत्तरावर तो हसला. "मग असल्या नाचगाण्याला भारी प्रोसेसर कशाला पायजे? ह्योच घे. तुमच्याकडं बास होतोय."

'ह्योच' म्हणजे जुन्या साठ्यातला. ज्याच्यावर आत्ता आई अडकली होती तोच. मला सगळं कळत होतं. तरी मान हलवली. "चालतंय," म्हणाले. तो म्हणाला, जोडून ठेवतो, उद्या ये. चहा आला, तो त्यानं एकट्यानंच घेतला. मी बघत उभी.

आई अंगणवाडीत मदतनीस आहे. मी घरी आले तर दारातच थांबली होती.

"माझं लेझीम दावलंस?"

"दावलं."

"मग? काय म्हणालं?"

"लई भारी म्हणालं."

आई लाजली. पदराला हात पुसत शेजारच्या काकूंना सांगायला गेली, की कोल्हापूरच्या दुकानात मला बघितलं म्हणं. पन्नाशी उलटल्यावर ती पहिल्यांदा रस्त्यावर लेझीम खेळली होती. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत धुतलं. दुकानदाराचा नुसता राग आला असता तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटत होती. आईच्या पोटची पोर, आणि तिला ओळखत नाही म्हणाले. तेसुद्धा कुणासमोर? ज्याचं नावही मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच गेले. माझं मशिन त्यानं टेबलावर मांडलं होतं. दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती.

"हा प्रोसेसर नको," मी म्हणाले. "ह्याच्यावर व्हिडिओ अडकतोय. तुम्हाला ठाऊक हाय."

मला हवा तो प्रोसेसर शेजारच्या मशिनमध्ये होता. पेनड्राइव्ह तिथं लावला. आवाज वाढवला. लेझीम सुरू झालं. आई वळली, बसली, उठली, हात वर गेले. कुठंही अडकली नाही. गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली.

"काल इचारलंसा न्हवं, कोण ही? माझी आई हाय."

तो गडबडला. "अगं, मी काय जातीबितीचं बोललो व्हय?"

"न्हाय. तुम्ही नुसतं इचारलं. ओळखत न्हाय म्हणाले ती मी."

पेनड्राइव्ह काढला आणि बाहेर पडले. हवा तोच प्रोसेसर दुसऱ्या दुकानातनं घेतला.

आता मशिन घरी आहे. आई शेजारी बसून स्वतःचं लेझीम बघते. अजून विचारते, त्या दुकानदाराला खरंच आवडलं होतं का गं. मी हं म्हणते. दुकानात खरं बोलले, घरात अजून नाही. हे लिहितेय ते त्यासाठीच. लिहून झालं की आईला समोर बसवून वाचून दाखवणार, 'मला न्हाय म्हाईत' या शब्दांसकट. ती माझ्याशी बोलायची बंद झाली तरी वाचणार. मी तिला नाकारलं, हे तिला माझ्याच तोंडून कळलं पाहिजे.