सरपंचांच्या नातवाचं वजन

आई पेठ गावाजवळच्या आमच्या वाडीत अंगणवाडी चालवायची. पुढे ती तालुक्याच्या अंगणवाडी सेविका संघटनेची अध्यक्ष झाली, घोडेगावला मोर्चे नेऊ लागली. घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. माझ्या वह्यांना कव्हरंही त्यांचीच. पण तिच्या पुढारीपणाची सुरुवात एका काट्यापासून झाली.

तेव्हा मी चौथीत होते. महिन्यातून एकदा आई अंगणवाडीच्या खोलीत आढ्याला वजनकाटा टांगायची, त्याच्या झोळीत एकेक मूल बसवायची आणि वजन मोठ्यानं वाचायची. आया दारात बसून ऐकायच्या. वजन थोडं कमी भरलं तर दुसरी श्रेणी; फारच कमी भरलं तर मूल तिसऱ्या श्रेणीत जायचं आणि त्याला दुप्पट आहार मिळायचा. त्या महिन्यात असं एकच मूल निघालं, सरपंचांचा नातू. खोलीही सरपंचांचीच होती.

ते संध्याकाळी आमच्या घरी आले.

"बाई, पाच जर्सी गाया हायेत आमच्या. आमचं पोरगं कुपोषित कसं?"

"गाया चांगल्या आहेत, भाऊ. दूध सगळं डेअरीला जातं. पोर कोऱ्या चहात बटर बुडवून खातं."

"आकडा बदला."

"तो काट्याचा आकडा आहे."

"मग जागा बदला."

सकाळी खोलीला कुलूप होतं. मी मोर्चाचा ठराव मांडला. आई म्हणाली, "आधी हंडा भरून आण." काटा घरीच होता. तो तिनं लिंबाच्या फांदीला टांगला. लिंब सरपंचांच्या दारासमोर होता. वाडीत दुसरं मोठं झाड नव्हतं, त्याला आई काय करणार?

नातू येईना. आई रोज त्याचा दुप्पट आहार घेऊन त्यांच्या दारात जायची आणि त्याची आजी रोज तो परत पाठवायची. "आमी काय भिकारी हाय व्हय?" आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी आजी स्वतः नातवाला कडेवर घेऊन लिंबाखाली आली.

"करा परत वजन. पण हळू वाचा."

"सगळ्यांचं मोठ्यानं वाचते, काकी."

वाचलं. आधीपेक्षाही कमी भरलं होतं.  बायांतली एक म्हणाली, "माझी बी तिसरीत व्हती, काकी. त्यात काय लाजायचं?"

आजी समोरच्या घराकडं बघत म्हणाली, "आमच्या मालकाला दूध मापता येतंय. पोर न्हाई."

तिनं पदराखालून वाटी काढली आणि पुढं केली.

कुलूप काही निघालं नाही. डेअरीला जाणारा कॅन मात्र जरा कमी भरू लागला, असं दूध घालायला जाणारे सांगायचे. पाचव्या महिन्यात आई नातवाचं वजन वाचत होती, तेव्हा सरपंच समोरच्या ओट्यावर पेपर धरून बसले होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नव्हतं.

"दुसरी श्रेणी," आई मोठ्यानं म्हणाली आणि पुढचं मूल झोळीत घातलं.