वल्ह्याला कान लावणारा

नव्वदच्या दशकातल्या एका सकाळी इंदापूरजवळ धरणाच्या पाण्यावर दाट धुकं होतं. माझ्या बहिणीला घेऊन गेलेली इंजिनाची होडी पलीकडं पोचलीच नव्हती. शोधायला निघालेल्या आमच्या होडीत एक अनोळखी माणूस येऊन बसला. नौदलात पाण्याखालचे आवाज ऐकून पाणबुड्या शोधायचं काम तो करायचा आणि सुट्टीवर आला होता.

मधोमध गेल्यावर त्यानं वल्हं पाण्यात उभं धरलं, दांड्याला कान लावला आणि डोळे मिटले. मी रडत होते.

“गप बसा, ताई. मशीन चालू हाय, म्हंजी होडी तरंगतीय,” तो म्हणाला. मग वल्हं हळूहळू फिरवत, आवाज कुठून मोठा येतोय ते ऐकून नावाड्याला म्हणाला, “तात्या, डावीकडं घ्या.”

तीनदा थांबून त्यानं तसंच ऐकलं आणि दिशा बदलली. अखेर धुक्यातून बहिणीची हाक आली. मी वळून पाहिलं, तर तो अजून कान लावूनच होता, आणि हसत होता.