कळ्याच्या पुढे हरवलेला तारा

"कोल्हापूरला चाललायस, दोन दिवस तरी संशोधन विसर," आईनं पुण्याहून निघताना बजावलं होतं. विसरतोय कसला! गगनबावड्याच्या एस.टी.तही मांडीवर आकाशाचे दोन फोटो होतेच. दूरच्या दीर्घिकेतला एक ठिपका क्ष-किरणांत डोळे दिपवतो. साध्या प्रकाशात तो नेमका कुठला तारा, हे मी शोधलं होतं. संध्याकाळी पाचला पुण्याहून सर आमचा लेख शोधपत्रिकेला धाडणार होते. पहिलं नाव माझं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

कळे गाव सोडलं आणि गाडी बंद पडली. दोन्ही बाजूंना ऊस, मोबाइलला रेंज नाही. शेजारी कांबळे म्हणून जमीन मोजणारे सर्व्हेअर होते. त्यांनी डबा उघडून खर्डा (मिरचीचा ठेचा) आणि भाकरी पुढे केली.

"खावा की पावणं! ह्ये काय हाय?"

मी सांगितलं. क्ष-किरणांचा फोटो पारदर्शक कागदावर होता; तो साध्या प्रकाशातल्या फोटोवर ठेवून दाखवला. क्ष-किरणांच्या ठिपक्याभोवती मी वर्तुळ काढलं होतं; आमचा तारा बरोबर त्या वर्तुळात.

"एकावर एक बसिवलं कसं?"

"दोन्हींत दिसणारा एक तारा तंतोतंत जुळवला."

"एकच?" त्यांचा घास थांबला. "हद्दीच्या एकाच दगडावर बसिवला तर नकाशा त्याच्याभोवती फिरतोय की! नवा हुतो तवा मी अशीच मोजणी केलती. एकाची विहीर दुसऱ्याच्या रानात गेलती. दोन दगड लागत्यात, तिसरा पडताळ्याला."

"आभाळात बांध नसतात हो!" मी फटकन बोललो. त्यांचीच भाकरी माझ्या तोंडात असताना. आजही लाज वाटते.

पण चैन पडेना. कोपऱ्यात दोन्हींत दिसणारा एक अंधुक ठिपका होता. मी तो सोडून दिला होता. तो जुळवायला कागद जरासा फिरवला, आणि आमचा तारा वर्तुळाबाहेर गेला. साडेचार वाजले होते.

कोल्हापूरकडे जाणारं वडाप (खासगी जीप) हात करून थांबवलं.

"पावणं, घावला का तारा?" कांबळे मागून ओरडले.

"हरवला!"

"ब्येस झालं की. आता नीट मोजा!"

कळ्याच्या एस.टी.डी. बूथवरून फोन लावला. "सर, लेख थांबवा. तो तारा आपला नाही."

"मग कुठला आहे?"

"माहीत नाही."

सर म्हणाले, "ये परत."

घरी आईनं विचारलं, "कसा होता गगनबावडा?" तिथवर पोचलोच नव्हतो. पिशवी तशीच टाकून मी तिसरा दगड शोधायला बसलो.