पंचक्का आणि माझी दोन वर्षं

पंचक्का कुणालाही आधी पायांकडून बघायची. कोणी रिक्षातून उतरलं, पायरीवरून खाली आलं, दोरीवरचे कपडे काढायला टाचा उंचावल्या, की हिची नजर त्याच्या घोट्यांवर. एकदा आमचे अप्पा बसमधून उतरताना किंचित झुकले आणि तोल सावरायला त्यांनी एक पाऊल जास्तीचं टाकलं. शेजारच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पंचक्काने त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "उतरलात छान, पण स्वल्प कापावं लागेल." अप्पा बँकेत अधिकारी होते. त्यांचं काही कापायची हिंमत घरात आईलाही नव्हती.

हा 'स्वल्प' मराठीत आता फक्त स्वल्पविरामापुरता उरला आहे. म्हैसूरात मात्र तो कन्नडच्या आश्रयाने मजेत राहतो आणि आम्हा मराठी घरांतूनही दर वाक्याला हजेरी लावतो. स्वल्प थांबा, स्वल्प सरका, स्वल्प चहा घ्या. त्याचं माप कुणालाच ठाऊक नसतं, आणि तीच त्याची सोय. पंचक्काला मात्र ठाऊक होतं. ती मुलींच्या शाळेत पीटी टीचर होती आणि जिम्नॅस्टिक्सच्या पंचांची परीक्षा पास झालेली होती. तिचा स्वल्प म्हणजे एक दशांश गुण. गुडघा वाकला, स्वल्प. उडीनंतर पाय सरकला, स्वल्प. आईच्या उप्पिटात मीठ कमी पडलं, तरी स्वल्प. एका लग्नात वराने हार घालताना कोपर वाकवलं, तर हिने पहिल्या रांगेत बसून दोन बोटांनी हवेत काहीतरी कापल्याची खूण केली.

तिचं खरं नाव आम्हा मुलांना ठाऊक नव्हतं. पंच असलेली अक्का म्हणून पंचक्का. कन्नड मुलांना यात वेगळाच अर्थ दिसायचा, कारण कन्नडमध्ये पंचे म्हणजे धोतर, आणि पंचक्काच्या भावाचं शिवणकामाचं दुकान होतं. धोतर हवं असेल तर आमच्या कुवेंपुनगरात पंचे अक्काकडे जा, असं सांगून कुणीतरी एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिच्या दारात पाठवलं. कुणी ते मी सांगणार नाही. पंचक्काने त्यांना कॉफी दिली, या वयात पाठ ताठ ठेवल्याबद्दल त्यांचं कौतुक केलं, आणि बरोबर जाऊन धोतरजोडी घेऊनही दिली.

हा भाऊ म्हणजे गळ्यात माळ, मशीनवर पाय आणि ओठांवर विठ्ठलाचं नाव असा सज्जन माणूस. बहिणीच्या नादाने आम्हा मुलींचे स्पर्धेचे पोशाख शिवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. मापं पंचक्काच घ्यायची, तो भिंतीकडे तोंड करून लिहून घ्यायचा. पहिला पोशाख त्याने गुडघ्यापर्यंत लांब आणि अंगात चांगला ढगळ शिवला. विचारलं तर म्हणाला, वाढत्या अंगाच्या मुली आहेत, दोन-तीन वर्षं तरी जायला नकोत का? तो घालून मी दांडीला लटकले तेव्हा पोशाख माझ्या आधी गिरकी घेत होता. बहिणीचा पंचांचा निळा कोटही त्यानेच शिवला, पुरुषी मापावर, आत खिसा ठेवून. त्या खिशात पंचक्का फुटाणे ठेवायची.

ऑलिंपिकच्या दिवसांत गल्लीतल्या आम्ही सगळ्या तिच्या टीव्हीसमोर. ती पडद्यावरच्या पंचांच्या आधी गुण सांगायची, आणि दोघांचे जुळले नाहीत तर चूक पडद्यावरच्यांची. परदेशातल्या एका चमूत अगदी इवल्याशा मुली होत्या आणि नियमाला हवं तेवढं त्यांचं वय आहे का, अशी कुजबूज वर्तमानपत्रांत चालली होती. पंचक्का म्हणाली, "वय कसलं विचारता? दुधाचे दात पडलेत का ते विचारा." मग फुटाणे चघळत तिने पुढची माहिती पुरवली. मोठ्यांच्या स्पर्धेत घुसवायला तिकडे वय वाढवतात, लहानांच्या स्पर्धेत जिंकायला इकडे कमी करतात, त्यामुळे जगाची सरासरी बिघडत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी दहापैकी गुण द्यायची जुनी रीत बंद झाली. अवघडपणाचे वेगळे, सफाईचे वेगळे, असा हिशेब सुरू झाला. ती बातमी वाचून तिने मला फोन केला. "दहा काढून टाकले, कणे. आता देवाला पण पैकीच्या पैकी देता येणार नाही." कणे म्हणजे कन्नडमधलं 'अगं'. एखादं जवळचं माणूस गेल्याचं सांगावं, तसा तिचा आवाज होता.

वयाची ती थट्टा मात्र त्याच्या कितीतरी आधी एक दिवस माझ्याच दारात येऊन उभी राहिली. मी तेरा वर्षांची होते आणि अंगाने किरकोळ. राज्याच्या संघाची निवड स्पर्धा म्हैसूरातच व्हायची होती. आमचे कोच सर कष्टाळू होते, सकाळी साडेपाचला हॉल उघडायचे, पण त्यांना म्हैसूरची मुलगी संघात हवीच होती. बारा वर्षांखालच्या गटात मी सहज पहिली येईन, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी घरी येऊन अप्पांना समजावलं. कागदोपत्री वय स्वल्प कमी दाखवायचं, सगळेच दाखवतात. अप्पांनी कपातली कॉफी संपवली आणि होकारार्थी मान हलवली. मला काय, मला संघाचा निळा ट्रॅकसूट हवा होता. त्यापुढे मला जगातलं दुसरं काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात कढीपत्ता मागायला आलेली पंचक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. निवड स्पर्धेला तीही पंच होती.

"सर, तुमच्या स्वल्पात हिचे दोन वाढदिवस गेले," ती म्हणाली. "आणि येलवालहून बसने येते ती पोर? ती खरीच अकराची आहे. या घोडीशी लढायला तिने दोन वाढदिवस कुठून आणायचे?"

सरांनी हसून हात जोडले. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अक्का." सांभाळून घ्या, म्हणजे अख्ख्या कर्नाटकातली कामं ज्या वाक्यावर होतात, ते वाक्य. पंचक्का "बरं" म्हणाली आणि कढीपत्ता घेऊन गेली. पंचक्का इतक्या लवकर 'बरं' म्हणाली, याचाच आम्हाला संशय यायला हवा होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी वय तपासणीच्या टेबलाशी आम्ही सगळ्या रांगेत उभ्या होतो. पंचक्का निळ्या कोटात आली, तिच्या हातात म्हैसूरपाकचा मोठा डबा. पहिला तुकडा तिने तपासणी करणाऱ्या सचिवांच्या हातात ठेवला, दुसरा आग्रहाने त्यांच्या तोंडात, आणि मग सगळ्या पंचांपुढे डबा फिरवला. कशाबद्दल, असं कुणीतरी विचारलंच. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आमच्या शेजारची ही मुलगी गेल्या महिन्यात तेरा पूर्ण करून चौदाव्यात गेली, तोंड गोड करायचं तेवढं राहिलं होतं. सर घाईघाईने म्हणाले, अक्कांची काहीतरी चूक होतेय, मुलगी अकराची आहे. सचिवांचं तोंड भरलेलं होतं, त्यामुळे पुढचं बोलायची पाळीही पंचक्काकडेच राहिली.

"चूक कशी होईल? हिच्या बारशाची कुंची मी शिवली. त्याच महिन्यात आमच्या दुकानात पहिलं विजेचं मशीन आलं. आधी त्या मशीनचं वय कमी करून दाखवा, मग हिचं करा."

लोक हसले, आणि त्या हसण्यात प्रकरण मिटलं. ना तक्रार, ना चौकशी. सचिवांनी घास गिळून मला मोठ्या गटात लिहिलं. तिथे माझ्यापेक्षा डोकंभर उंच मुली होत्या आणि मी शेवटून दुसरी आले. लहान गटात येलवालची पोर पहिली आली. तिने ट्रॅकसूट अंगाला लावून पाहिला तेव्हा मी हॉलच्या मागे जाऊन हमसून हमसून रडले. घरी आल्यावर पंचक्काने हाक मारली, मी खिडकी लावून घेतली. पुढचे कित्येक महिने मी तिच्याशी बोलले नाही. ती रोज फाटकाशी उभी राहून माझे पाय बघायची आणि गुण द्यायची, मी रोज तोंड फिरवून जायचे.

पुढच्या वर्षीची स्पर्धाही म्हैसूरातच झाली. मी कसरतीच्या तुळईजवळ, म्हणजे बॅलन्स बीमजवळ, उभी होते. पंचांच्या टेबलाकडे बघितलं तर पंचक्काच्या खुर्चीवर दुसऱ्याच कुणी बाई. मी सगळा हॉल शोधला. ती वर गॅलरीत होती, प्रेक्षकांत, पण निळा कोट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून. माझी पाळी यायला वेळ होता, म्हणून मी पळत वर गेले आणि इतक्या महिन्यांनी तिच्याशी पहिल्यांदा बोलले. विचारलं, अक्का, तू खाली का नाहीस?

"बोलावलं नाही," ती म्हणाली. मग खिशातले फुटाणे माझ्या हातावर ठेवले. "वरून गुडघे जास्ती चांगले दिसतात, कणे. जा, सुम्ने उगीच उभी राहू नकोस."

त्या म्हैसूरपाकानंतर तिला कुठल्याच स्पर्धेला बोलावणं आलं नाही, पुढेही कधी आलं नाही. माझं एक वर्ष गेलं होतं, तिची खुर्ची कायमची गेली. आणि मला ट्रॅकसूट जितका हवा होता तितकीच तिला ती खुर्ची हवी होती. हे मला जिना उतरताना कळलं. हातातले फुटाणे मला खाववेनात.

कसरत सुरू करण्याआधी मुख्य पंचाकडे तोंड करून हात उंच करायचा असतो, त्याशिवाय सुरुवात नाही. माझं नाव पुकारलं. मी तुळईपाशी गेले, टेबलाकडे पाठ केली आणि हात उंच केला तो गॅलरीकडे बघून. हॉलमध्ये कुजबूज झाली. कोच सरांनी कपाळाला हात लावला. वर पंचक्का उभी राहिली, कोट खाली ओढून नीट केला, आणि पंचाने करावी तशी मान हलवून मला सुरू करायची परवानगी दिली.

टेबलावरच्यांनी त्याबद्दल माझे गुण कापले. घरी येताना पंचक्का माझा हात घट्ट धरून चालत होती आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. कुवेंपुनगर येईपर्यंत ती मला एकच गोष्ट समजावत राहिली, की कापले ते अगदी बरोबर कापले, मी असते तरी कापलेच असते.