कढई उतरवायची वेळ

माझं काम नेमकं काय आहे, हे आमच्या गावात अजून कुणाला नीट कळलेलं नाही, आणि त्यात दोष गावाचा नाही. मी शिकले रसायनशास्त्र. मग मेंदूकडे वळले. वास नाकातून मेंदूत पोचतो तेव्हा तिथे काय होतं, हे शोधता शोधता मानसशास्त्रवाल्यांशी भांडले, भाषेच्या अभ्यासकांत जाऊन बसले आणि काही काळ अत्तरं बनवणाऱ्यांच्या मागेही फिरले. रसायनवाले मला मेंदूवाली म्हणतात, मेंदूवाले भाषावाली म्हणतात आणि भाषावाले मला चहा देतात. अशा धड ना इकडच्या धड ना तिकडच्या माणसाचं शेवटी जे होतं तेच माझं झालं. सरकारने मला सल्लागार नेमलं.

ही बातमी आईने आळीत सांगितली तेव्हा शेजारच्या काकीने मला विचारलं होतं की वास घ्यायचा पगार मिळतो का. मिळतो म्हटलं. त्यावर ती म्हणाली, मग तुझ्या आयशीला आम्ही इतकी वर्षं फुकटच राबवली म्हणायची. सगळ्या बायका हसल्या. आईसुद्धा हसली, पण जरा ताठ बसून.

काकीच्या त्या बोलण्याला अर्थ होता. आमचं गाव अलिबागच्या अलीकडे, खारेपाटात. होळी झाली की आळीत वर्षाच्या मसाल्याची धांदल सुरू होते. मिरच्या अंगणात वाळत पडतात. धणे, दगडफूल, बाद्यान, नागकेशर, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा आणि मग सगळं कुटायला डंकावर न्यायचं. भाजणं घरात होत नाही. आमच्या मागच्या अंगणात मोठी चूल मांडतात आणि एकेक घर आपापलं सामान घेऊन येतं. ज्या घराचा मसाला त्या घरची बाई परतते. कढई कधी उतरवायची ते मात्र आई ठरवते. ती चुलीपासून थोडी लांब पाटावर बसते, उजवा हात वर धरते आणि डोळे मिटते. हात खाली आला की कढई खाली. कमी भाजला तर मसाला पावसाळ्यात जाळी धरतो, जास्त भाजला तर वर्षभर कडू खावा लागतो. त्यामुळे त्या हाताला आळीत मान होता. बदल्यात प्रत्येक घरातून कुटून आलेल्या मसाल्याची पहिली वाटी आमच्याकडे यायची. आमचा स्वतःचा मसाला कधी लागायचाच नाही म्हटलं तरी चालेल.

लहानपणी मी तिच्या पाटाला टेकून बसायची. ती डोळे मिटूनच मला सांगायची, आता कच्चट आहे, आता उग्र झाला, आता खमंग, आणि हात खाली टाकता टाकता म्हणायची, ह्याच्यापुढे खरपूस आणि त्याच्यापुढे शेजारीण बोलायची बंद. पुढे परदेशातल्या एका मोठ्या वर्गात मला शिकवलं गेलं की माणसाला वासासाठी शब्द फार कमी सापडतात. मी हात वर केला आणि म्हटलं, कुठल्या माणसाला? माझ्या पुढच्या सगळ्या संशोधनाची सुरुवात त्या उद्धटपणातून झाली. वासाला शब्द असले तर मेंदू तो वास वेगळा ओळखतो का, ह्यावर मी अर्धं आयुष्य घालवलं.

सल्लागार समितीपुढचा प्रश्न जास्त साधा होता. वास जाणं ही काही वेळा मेंदूच्या आजाराची पहिली खूण असते. मग सरकारी दवाखान्यांत म्हाताऱ्या माणसांच्या तपासणीत वासाची चाचणी घालावी का, आणि घातली तर कशी? मी तिथे एका मुद्द्यावर हट्टाला पेटले होते. चाचणीच्या वेळी माणूस एकटा हवा. दार बंद, नातेवाईक बाहेर. आपल्याकडे एकाला प्रश्न विचारला की तिघं उत्तर देतात. मला एका नाकाचं काय चाललंय तेवढंच हवं होतं. माझं म्हणणं मान्य झालं आणि मी खूश होऊन, नमुन्याच्या कुप्या पिशवीत टाकून, मुंबईहून मांडव्याच्या रो-रो बोटीत बसले.

गेल्या पावसाळ्यातली ही गोष्ट. बाबा गेल्यापासून आई घरात एकटीच असते. पुण्याला माझ्याकडे ये म्हटलं की ती विचारते, तिथे अंगणात कोण येतं? माझ्या सोसायटीत अंगणच नाही. त्या दिवशी तिने जिताड्याचं कालवण केलं होतं. पहिला घास घेतला आणि मी थांबले. कालवण कडू होतं. फार नाही, पण मागून जिभेवर येणारं, करपल्या धण्याचं कडू. मिरची खराब लागली वाटतं ह्या वर्षी, असं म्हटलं तर आई म्हणाली, असेल.

दुसऱ्या दिवशी काकीने जेवायला बोलावलं. तिच्याही कालवणात तेच. वर ती म्हणाली की यंदाचा मसाला तुझ्या आयशीने असा भाजलाय की बोटं चाटत राहावं. त्यानंतर आणखी एका घरी वालाचं बिरडं खाल्लं, तिथेही तेच आणि तसंच कौतुक. एक घर मिरच्या पेणहून आणतं, दुसरं अलिबागहून, तिसऱ्याची मिरची मामाकडून येते. सगळ्यांचीच कशी खराब निघेल? असे प्रश्न सोडवायचाच मला पगार मिळतो. हा प्रश्न मात्र सुटू नये असं फार वाटत होतं.

सकाळी आई चहा घेत बसली होती. मी पिशवीतल्या कुप्या काढल्या आणि थट्टेच्या सुरात म्हटलं, आये, जरा सरकारचं काम कर, डोळे मीट. तिने मिटले. मी पहिली कुपी नाकाशी धरली. लवंग होती. ती काहीच बोलली नाही. दुसरी धरली. मग तिने डोळे न उघडताच माझा हात बाजूला केला.

"मना वास येत न्हाय गो," ती म्हणाली. "त्या तापापासना."

थंडीत तिला मोठा ताप येऊन गेला होता. ताप उतरला, नाक परत आलं नाही. येईल उद्या, येईल परवा, असं म्हणता म्हणता मसाल्याचे दिवस आले आणि बायका सामान घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. तिने नेहमीसारखा हात वर धरला. ह्या वेळी डोळे किलकिले ठेवले आणि धूर दिसला की हात खाली. पण धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? कडू तिला लागत होतं, कारण कडू जिभेला कळतं, त्याला नाक लागत नाही. तिला वाटलं, तापाने आपल्या तोंडालाच कडसर चव आलीय. जग कौतुक करत होतं, म्हणजे मसाला चांगलाच असणार.

मी तिचा हात धरून बसून राहिले. मला भीती वाटली, आणि ती साधी भीती नव्हती. वास जाण्याचे सगळे अर्थ मला माहीत होते, त्यावर मी भाषणं दिली होती. त्याच दिवशी तिला अलिबागला डॉक्टरकडे नेलं. बाहेर बाकावर बसून मी नखं खाल्ली. चांगलं तपासून त्याने सांगितलं की बाकी काही दिसत नाही, हे तापाचंच, कदाचित सावकाश सुधारेल, कदाचित नाही. मलाही मनातून तेच वाटत होतं, पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला रडू आलं. आईने मला तिथेच दटावलं की लोक बघतायत.

मग मी तिला नाकाचा व्यायाम लावून दिला. रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक वास मन लावून हुंगायचे. आमच्या पुस्तकांत त्यासाठी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी सांगितलेली असते. निलगिरी ऐकून ती म्हणाली, ते काय खायचं असतं? मी निलगिरीच्या जागी सुका जवळा घातला आणि गुलाबाच्या जागी हिंग. पुण्याहून फोन करून मी विचारायची, आज काही? ती म्हणायची, आज न्हाय. थंडीत एकदा म्हणाली, हिंगाचं काहीतरी आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, नव्हतं वाटतं.

मी तिला परोपरीने सांगितलं की आळीत सांगून टाक. आजार आहे, त्यात लाजायचं काय? पण पिकतं तिथं विकत नाही. सरकार माझा सल्ला ऐकतं, आई ऐकत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच ती म्हणायची. एकदा मात्र फोनवर चिडून बोलली, "मंग मी त्या पाटावं बसून काय करू? त्या बायका आपापले घरान मसाला भाजतील. माझे अंगणान कोण येल?" तिचं नाक गेलं होतं ते गेलंच होतं. आता तिला अंगण जाईल ह्याची धास्ती होती.

यंदा होळीनंतर मी रजा काढून घरी गेले. आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, मी तुझ्या मागे बसते, वेळ झाली की हळूच पाठीला बोट लावीन. ती म्हणाली, लबाडी मला जमायची नाही. मी म्हटलं, गेल्या वर्षी जमली. म्हटलं आणि मला माझ्याच जिभेचा राग आला.

सकाळी चूल पेटली. पहिला मान काकीचा. तिने धणे कढईत ओतले आणि परतायला लागली. बाकीच्या बायका सावलीत मिरच्यांची देठं खुडत बसल्या. आई पाटावर बसली, हात वर धरला, आणि ह्या वेळी तिने डोळे खरोखरच मिटून घेतले, धूर बघायलाही फट ठेवली नाही. मी पडवीच्या पायरीवर होते. कच्चट वास गेला. उग्र आला. मग खमंग वास अंगणभर पसरला, आणि तीच वेळ होती. आईचा हात वरच होता.

माझ्या तोंडून शब्द निघणार एवढ्यात माझी नजर बायकांवर गेली. देठं खुडणारे सगळे हात थांबले होते. प्रत्येकीला वास आला होता. येणारच. जन्मभर मसाला भाजणाऱ्या बायका त्या. तरी एकही हलली नाही. काकी आईच्या हाताकडे बघत परतत राहिली. वास खमंगचा खरपूस झाला आणि पुढे सरकायला लागला. धणे तिचे होते, वर्षभर खायचेही तिनेच होते. तेव्हा मला कळलं की गेल्या वर्षीही ह्या अशाच बसल्या होत्या. सगळ्यांना पहिल्या कढईलाच कळलं होतं. मी कुप्या घेऊन येण्याच्या कितीतरी आधी.

आईने डोळे उघडले. कशाने उघडले ते मी तिला अजून विचारलेलं नाही. बहुधा इतक्या बायका एकदम गप्प बसल्याचं तिच्या कानांना जाणवलं असावं. तिने एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. हात अजून वरच होता.

"मना वास येत न्हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कवापासना न्हाय येत."

"ठाव हाय, वैनी," काकी म्हणाली. "आमाना येतो ना. तू हात तेवढा खाली कर, माझे धणे जलतान."

आईचा हात खाली आला. दोघींनी धरून कढई उतरवली. धणे काळपट झाले होते. आईने ते बघितले आणि तिचा चेहरा रागाने लाल झाला. गेल्या वर्षी का नाही बोललात, वर्षभर कडू कशाला खाल्लंत, पोरांना कशाला घातलंत, असं ती एकेकीला विचारत सुटली. एक जण हसली आणि पदर तोंडाला लावून लगेच गप्प झाली. काकी खाली बसून धणे सुपात पसरत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"सांगतलं असतं," ती म्हणाली, "त तू घरातना भायेर यायची बंद झाली असतीस."

आईने पदराने डोळे पुसले, पाट चुलीच्या जरा जवळ ओढून घेतला आणि दगडफूल कुणाचं आहे ते घेऊन या म्हणाली.