छोटीचं शीर

उस्ता सेफुल्लांनी आयुष्यभर हमदानच्या लोकांना ऊब विकली, आणि त्या दिवशी स्वतःच्याच घरातल्या एका खोलीत ऊब आणता आणता त्यांच्या नाकी नऊ आले.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं रजयांचं दुकान. बाप पिंजारी, आजा पिंजारी. ज्या काळात घरोघरी कोरसी असायची, म्हणजे बुटक्या मेजाखाली निखारे आणि वरून अंगणाएवढी रजई, त्या काळात उस्तांशिवाय कुणाचा हिवाळा सरत नसे. नवरीच्या रुखवतात त्यांची लाल साटिनची रजई नसली तर सासरच्या बायका नाकं मुरडायच्या. मग गॅस आला, गॅसचे हीटर आले, आणि शेवटी भिंतीला टेकून उभे राहणारे, आत गरम पाणी फिरवणारे हे रेडिएटर आले. उस्ता त्यांच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघायचे. "भिंत तापवून माणूस झोपतो होय?" असं म्हणायचे आणि कापूस पिंजत बसायचे.

त्याच उस्तांनी या हिवाळ्यात घरभर रेडिएटर बसवून घेतले. कारण एकच, महनूश. त्यांची एकुलती एक लेक बाळंतीण झाली होती, दिवस भरायच्या आधीच. मुलगी झाली, मुठीएवढी. जावई दूर दक्षिणेत गॅसच्या कामावर. बाळंतिणीनं दहाव्या दिवसाच्या न्हाणापर्यंत आईकडे राहायचं ही रीत. पण महनूशची आई कौकब जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा आईच्या जागी बापानंच उभं राहायचं ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, बाळाची खोली एकसारखी गरम हवी, त्यात हयगय नको. खोलीतला जुना हीटर पेटवायला उस्तांचं मन धजेना. गेल्या वर्षी गल्लीतलंच एक कुटुंब तसला हीटर लावून झोपलं होतं आणि सकाळी उठलंच नव्हतं.

म्हणून न्यामत पाइपवाल्याला बोलावलं. माणूस गल्लीतलाच, त्याची बायको महनूश होती त्याच दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात कामाला. न्यामतनं स्वयंपाकघरात पॅकेज टांगलं. गॅसवर पाणी तापवून घरभर फिरवणाऱ्या पेटीला आमच्याकडे पॅकेजच म्हणतात. मग खोल्याखोल्यांतून रेडिएटर लावले आणि सगळ्यात शेवटी बाळासाठी ठेवलेल्या छोट्या खोलीतला. तो बसवून झाला तेव्हा उस्ता दवाखान्यात होते, घरी होती त्यांची थोरली बहीण ताजी. सगळी गल्ली तिला आबजी म्हणते, म्हणजे ताई. काम आटोपून न्यामत आल्वंद डोंगरापलीकडे आपल्या गावी निघून गेला. त्याच्या बापाला जाऊन चाळीस दिवस होत होते, त्याचा विधी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तांनी छोट्या खोलीतल्या रेडिएटरवर हात ठेवला. रजई तपासायची त्यांची सवय होती, तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा, कुठे कापूस गोळा झालाय ते हाताला कळतं. पाइपाजवळची पहिली पाती चांगली तापली होती, दुसरी कोमट. पुढच्या सगळ्या थंडगार.

"आबजी! हे अर्धंसुद्धा तापलं नाहीये!"

ताजी आबजी स्वयंपाकघरात पीठ, लोणी आणि केशर घालून काची ढवळत होती. बाळंतिणीला ताकद येते, दूध येतं, म्हणून करतात ती. तिनं मान वर केली नाही. तिचा चेहरा कालपासूनच उतरलेला होता.

"तापेल रे सेफू. नवीन आहे, लाजतंय."

"उद्या पोर घरी येतेय, आणि हे लाजतंय?"

उस्तांनी न्यामतला फोन लावला. डोंगरापलीकडे बर्फ पडत असणार, फोन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा नाही. दुकानाशेजारच्या भांडीवाल्यानं मागे सांगितलेलं त्यांना आठवलं, रेडिएटरमध्ये हवा अडकते, ती काढावी लागते. वरच्या कोपऱ्यात एक बारीक स्क्रू होता. त्याखाली वाटी धरून उस्तांनी तो पेचकसानं जरासा फिरवला. फुस्स करून हवा निघाली, मग पाणी आलं. उस्तांना वाटलं, झालं! पण पाणी सोडलं ते जास्तच सोडलं. स्वयंपाकघरात पॅकेजचा दाबाचा काटा खाली पडला, आतली ज्योत विझली आणि पेटीवर लाल दिवा लुकलुकू लागला. आता तर सगळं घरच गार पडायला लागलं.

"अरे, तू दुरुस्त करतोयस की सूड घेतोयस?" आबजी ओरडली.

उस्तांच्या तोंडचं पाणी पळालं. पेटीखाली हात घालून घालून पाणी भरायची चकली सापडली, काटा वर आला, ज्योत पेटली. हुश्श करून ते परत छोट्या खोलीत धावले. पहिली पाती गरम, दुसरी कोमट, बाकी थंड. जैसे थे.

आबजीनं इस्पंद आणलं. निखाऱ्यावर दाणे तडतडले, तिनं धुराचं भांडं रेडिएटरभोवती ओवाळलं. "नजर लागलीय. त्या फखरी खानमचीच असणार."

फखरी खानम म्हणजे महनूशची सासू. राहायची दूरच्या करज शहरात, आणि नात झाल्यापासून हमदानमध्ये भावाकडे तळ ठोकून होती. नाव काढायचा अवकाश, तिचाच फोन आला.

"उस्ता, सलाम. तब्येत बरी? आपली सावली आमच्यावर राहो."

"आपलीच राहो, खानम."

"खोली तापली ना? नाही, विचारते आपली. पोरगी नाजूक आहे. तुमचं घर, माफ करा हं, आधीपासूनच जरा गारच. उद्या मी येऊन हात लावून बघते. तापलेली नसली तर तिला सरळ करजला नेते. गाडी सांगून ठेवलीय."

"तापलीय, खानम! तवा झालाय नुसता!"

उस्तांनी फोन ठेवला. आयुष्यात ते ग्राहकाशी कधी खोटं बोलले नव्हते. विहिणीशी मात्र सहज बोलून गेले. करजला गेलेली बाळंतीण दहाव्याला परत येत नाही, चाळिसाव्यालाही येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पण त्यांच्या भीतीच्या तळाशी फखरी खानम नव्हती. महनूशच्या आधी कौकबला एक मुलगा झाला होता, तोही असाच दिवस न भरता, असाच भर हिवाळ्यात. उस्तांनी आपल्या हातानं पिंजलेल्या सगळ्यात मऊ कापसाची रजई त्याच्यासाठी शिवली होती. रजईनं ऊब दिली, पण खोली गार होती, श्वासाला लागणारी हवा गार होती. मूल टिकलं नाही. महनूशला त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. नवरीकडचे लोक रजयांची तारीफ करायचे तेव्हा उस्ता हसायचे आणि आत काहीतरी टोचायचं, ते कुणाला कळायचं नाही.

दुपारी आबजी काचीचा डबा घेऊन दवाखान्यात जाऊन आली. येऊन बघते तर उस्तांनी रेडिएटरच्या थंड भागावर रजई गुंडाळलेली, वरून दोरीनं बांधलेली.

"हे काय रे?"

"आहे ती ऊब तरी बाहेर जाऊ नये."

"अरे, लोखंडाला थंडी वाजते का?" असं म्हणाली, पण नेहमीसारखी हसली नाही. डबा ठेवला, बाहेर जाताना डोक्यावरून घेतलेली चादर न काढताच बसून राहिली. उस्तांना वाटलं, हीसुद्धा खोलीच्याच काळजीत आहे.

तेवढ्यात महनूशचा फोन आला. ती रडत होती.

"बाबा, खरं सांगा. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला काय सांगितलं?"

"मला? काही नाही, पोरी. काय झालं?"

"मग आत्या काल संध्याकाळपासून काची का भरवतेय? पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, थेंबथेंब आलं तरी घाबरू नकोस, सुटेल. माझं चांगलं चाललं होतं, बाबा! आता सकाळपासून खरंच कमी येतंय. पोरगी ओढते आणि रडते. तुम्ही सगळे माझ्यापासून काय लपवताय?"

उस्तांनी तिची कशीबशी समजूत घालून फोन ठेवला आणि बहिणीकडे वळले.

"आबजी, पोरीला दूध कमी आहे असं तुला कुणी सांगितलं?"

आबजीनं चादरीच्या टोकाशी चाळा केला. "तुझं हृदय नाजूक, म्हणून तुला बोलले नाही. न्यामतनं सांगितलं."

"न्यामतनं? पाइपवाल्या न्यामतनं?"

"त्याची बायको वॉर्डात आहे ना! तिनंच त्याला सांगितलं असणार. काल जाताना इथेच, या दारात उभा राहून म्हणाला, 'आबजी, उस्तांना सांगा, छोटीचं शीर अजून थेंबथेंबच आहे. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी खालून पूर्ण मोकळं करा.' मी तर शरमेनं अर्धी झाले. परका पुरुष, आणि बाळंतिणीच्या दुधाच्या गोष्टी करतोय! खाली बघून 'बरं' म्हटलं आणि दार लावलं. ते खालून मोकळं करायचं म्हणजे काय, हे मी त्याला विचारणार होते की काय?"

उस्तांनी एकदा रेडिएटरकडे बघितलं. आमच्या बोलीत दूध म्हणजे शीर, शीरखुर्म्यातलं. आणि पाण्याची चावी म्हणजेही शीरच. कालपासून आबजीच्या डोक्यात दुधाशिवाय काही नव्हतंच.

"आबजी," ते हळूच म्हणाले, "छोटी म्हणजे ही खोली."

"कुठली खोली?"

"ही! छोटी खोली! आणि शीर म्हणजे चावी. तो रेडिएटरबद्दल बोलत होता, बाई! गळतं का ते बघायला रात्रभर चावी जराशीच उघडी ठेवली होती त्यानं!"

आबजीच्या तोंडाचा आ वासला. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "हाय अल्ला. आणि मी त्या पोरीला..."

उस्तांनी दोरी सोडली, रजई भिरकावली आणि जमिनीवर आडवे झाले. दुसऱ्या टोकाला, अगदी खाली, भिंतीला चिकटून पांढऱ्या टोपणाची एक चावी होती. वरच्या स्क्रूवर त्यांनी दिवसभर जीव काढला होता. खाली वाकून कुणी बघितलंच नव्हतं. टोपण काढलं, आतल्या खाचेत पेचकस घातला आणि फिरवला. एक वेढा, दुसरा वेढा. आतून पाणी धावल्याचा आवाज आला. उस्तांनी तळहात पात्यांवर ठेवला आणि तसेच पडून राहिले. दुसरी पाती तापली, मग तिसरी. मग हाताखालून ऊब पुढे पुढे सरकत गेली, शेवटच्या पातीपर्यंत. उस्तांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

त्यांनी आधी महनूशला फोन लावला आणि तो आबजीच्या हातात दिला. "बोल तूच. तूच बंद केलंस, तूच उघड."

आबजी रडत रडत सांगत गेली. पलीकडे महनूशचं हसू फुटलं. इतकं मोठ्यानं, की वॉर्डातल्या बायका तिला काय झालं म्हणून विचारू लागल्या. "आत्या," ती म्हणाली, "पाइपवाल्यानं पॅकेजबद्दल काही सांगितलं नाही, हे माझं नशीब! नाहीतर तू मलाच गॅसवर चढवलं असतंस!"

दुसऱ्या दिवशी महनूश पोरीला घेऊन घरी आली. पाठोपाठ फखरी खानम आली, दारातूनच सरळ छोट्या खोलीत गेली आणि रेडिएटरच्या अगदी टोकाच्या पातीला बोट लावलं. बोट चटकन मागे घेतलं. मग तिनं आपला कोट काढून खुंटीला टांगला. त्या घरात तिनं कोट कधी काढलाच नव्हता. चहा प्यायली, नातीला घट्ट धरलं आणि संध्याकाळी करजच्या गाडीवाल्याला फोन करून आपण एकटीच येणार म्हणून कळवलं.

महनूश आपल्या जुन्या गादीवर टेकली. आबजीनं खोलीचं दार लोटून घेतलं. दूध पूर्ववत आलं नव्हतं, पण येत होतं. पोरगी ओढत होती आणि मधूनमधून दमून थांबत होती. त्या थांबण्यानं बाहेरच्या माणसाचा जीव टांगणीला लागत होता.

उस्ता मधल्या सोप्यात बसले होते. थोड्या वेळानं महनूशला तहान लागली, ती दार उघडून बाहेर आली आणि थबकली. सोपा बर्फासारखा गार होता. बाप अंगात ओव्हरकोट, डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्याभोवती मफलर आणि पायांवर दुकानातली रजई घेऊन भिंतीला टेकून बसला होता. सोप्यातला रेडिएटर बंद, स्वयंपाकघरातला बंद, त्यांच्या स्वतःच्या खोलीतलाही बंद.

"बाबा! हे काय? सगळं बंद का केलंत?"

"सगळं पाणी तुझ्याकडे यावं म्हणून."

"अहो, न्यामतदादानं दुपारी फोनवर सांगितलं ना, आता सगळे एकदम तापतात म्हणून? मीच ऐकलं."

"सांगितलं खरं."

"मग उघडा ना! नाहीतर आत तरी या."

उस्ता हलले नाहीत. उघड्या दारातून आतली गरम हवा त्यांच्या चेहऱ्यावर येत होती. ती जाणवताच त्यांनी घाईनं हात हलवला, दुकानात दारात उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला हलवायचे तसा.

"उघडीन, उघडीन. दहा दिवसांची होऊ दे तिला," ते म्हणाले. "तू आधी ते दार लाव."